बसणारी दूधगाडी

आमच्या पेंटरांना कुठलीच गाडी चालवता येत नव्हती. सायकलसुद्धा नाही. राजारामपुरीतल्या आमच्या दुकानात ते शहर बसने यायचे आणि बस रिकामी असली तरी उभ्यानेच यायचे. बसलं की गाडी दिसत नाही, नुसती खिडकी दिसते, असं त्यांचं म्हणणं. तरीही माझ्या ओळखीत सगळ्यांत जास्त गाड्या तयार केलेला माणूस तोच. ट्रक, जीप, रिक्षा, रथ, शववाहिका, उसाची ट्रॉली, पैलवानाची मोटार, म्हणाल ते. त्यांतली एकही कधी रस्त्यावर आली नव्हती, एवढीच काय ती त्या कारकिर्दीत उणीव.

'पेंटर' हे गावाने दिलेलं नाव. कोल्हापुरात ज्याचा चित्राशी लांबून जरी संबंध आला तरी तो पेंटर होतो आणि मरेपर्यंत तोच राहतो. या गृहस्थांच्या हातात मी कधी ब्रश पाहिला नाही. एक जुना संगणक, त्याला जोडलेली काळी चपटी पाटी आणि तिच्यावर चालवायचं पेन, एवढीच सामग्री. गाडी आधी पेन्सिलीने उतरायची, तीही वर्तमानपत्रातल्या जाहिरातींच्या मोकळ्या जागेत. मग ती पाटीवर घ्यायची, तिला लांबी-रुंदी द्यायची, पत्रा द्यायचा, काच द्यायची, ऊन कुठून पडतंय ते ठरवायचं, आणि शेवटी संगणकाला सांगायचं की आता हिला खरी कर. संगणक मग तासन्‌तास घुमत बसायचा. या अवस्थेला पेंटर 'भट्टी' म्हणत. त्यांचे वडील उद्यमनगरात फौंड्रीत कामाला होते, तिथून तो शब्द आला असावा. "गाडी भट्टीत हाय," असं त्यांनी जाहीर केलं की दुकानातला एकमेव टेबलफॅन संगणकाकडे वळायचा आणि आम्ही घाम पुसत बसायचो.

दुकान फ्लेक्सचं होतं. वाढदिवस, निवड, फेरनिवड, परदेश दौरा, परदेश दौऱ्याहून आगमन. मी तिथे मजकूर लिहायचो. मराठीत एम.ए. केल्यावर भाषेची सेवा करायची असं मनात होतं, आणि ती अशा रीतीने घडली. चहा निवायच्या आत मी एखाद्याला कार्यसम्राट करू शकत असे. साखर कमी असली तर आधारवड. पेंटरांचं काम चेहरे बसवण्याचं. वर सगळ्यांत मोठे साहेब, त्यांच्या खाली मधले साहेब, मध्यभागी वाढदिवसवाला आणि तळाला शुभेच्छुकांची रांग. या कामात त्यांना गती होती, पण रस काडीचा नव्हता. रस आणण्यासाठी ते वाढदिवसवाल्याच्या मागे गुपचूप एखादी गाडी उभी करायचे.

ही गाडी त्या माणसाला शोभेल अशी खास तयार केलेली असायची. गिऱ्हाइकाला ते असे प्रश्न विचारायचे की दुकानाचे मालक काउंटरवरून डोळे मोठे करायचे.

"गाडीत बसून जेवता काय तुम्ही?"

"का हो?"

"न्हाय, सांगा की. आणि बायकोबरोबर भांडण झालं तर कुटं जाऊन थांबता? सावलीत का उनात?"

एका नगरसेवकाला त्यांनी उघडी जीप दिली होती, पण साहेबांची खुर्ची उलटी, तोंड मागच्या बाजूला. साहेब फ्लेक्स घ्यायला आले आणि लाल झाले.

"मी उलटा का बसलोय, पेंटर?"

"मागनं कोण कोण येतंय ते तुमालाच बघाय पायजे. पुढचं ड्रायव्हर बघतोय की."

साहेब थोडा वेळ विचारात पडले आणि फ्लेक्स घेऊन गेले. पुढे त्यांच्या भाषणातही हा विचार येऊ लागला, असं ऐकलं.

माणूस दिसला की त्याला कुठली गाडी द्यायची हे पेंटरांच्या मनात आपोआप ठरायचं. आमच्या मालकांना त्यांनी तीनचाकी दिली होती, तिला पुढे हॉर्न, मागे हॉर्न, ब्रेक नाही. मला काय द्याल असं एकदा मीच हौसेने विचारलं. लेखक-वाचक माणूस, म्हणून काही निवांत, मोठ्या खिडकीचं, पुस्तकं ठेवायला फळी असलेलं मिळेल असा अंदाज होता.

"सर, तुमाला गाडी नको," ते म्हणाले. "तुमाला बाकडं द्यायचं. चाकं लावून. कुणीतरी ढकलंल."

त्यांच्या गाड्या खऱ्या वाटण्याचं मुख्य कारण चिखल. नवीकोरी, चकचकीत गाडी त्यांना बघवायची नाही. "ही अजून कुटं गेली न्हाय," ते तुच्छतेने म्हणायचे. म्हणून ते प्रत्येक गाडीला ती ज्या गावची असेल त्या गावचा चिखल लावायचे. संगणकात त्यांनी चिखलांचं दप्तरच ठेवलं होतं. 'पन्हाळा लाल', 'मुडशिंगी काळी', 'कागल एमआयडीसी, कोरडी धूळ'. एकदा रविवारी मला पन्हाळ्याला नेलं. मी इतिहासाच्या ओढीने गेलो, आणि पेंटर सबंध दुपार वाहनतळावर लोकांच्या मोटारींच्या चाकांपाशी उकिडवे बसून फोटो काढत होते. एका पर्यटकाने हटकलं तेव्हा म्हणाले, "पावणं, तुमच्या मडगार्डवर लई भारी आलाय. धुऊ नका इतक्यात." पर्यटकाने तिथल्या तिथे बाटलीतलं पाणी ओतून मडगार्ड धुतलं. 

मधल्या काळात शब्द सांगितले की चित्र काढून देणारी यंत्रं सगळ्यांच्या फोनवर आली. मालकांनी मोठ्या आनंदाने एक मोटार काढून पेंटरांपुढे धरली. क्षणात झालेली, सोनेरी, पंख असलेली. पेंटरांनी चष्मा वर करून ती बघितली.

"बरी हाय."

"बघा, तुमी आठ आठ दिस घालवता."

"दार उघडून बघितलं काय हिचं?"

"चित्राचं दार कसं उघडायचं, पेंटर?"

"मग कुणाला बसवणार हाय हिच्यात?" असं म्हणून त्यांनी फोन परत दिला. मालक दिवसभर चिडचिडे राहिले.

आता मुख्य प्रकरण सांगतो. त्यासाठी बाहेरगावच्या वाचकाला इथला एक रिवाज माहीत हवा. आमच्याकडे कुणी गाडी घेतली की चौकात फ्लेक्स लागतो. मध्ये गाडी, तिच्या शेजारी मालक, वर 'हार्दिक अभिनंदन'. ट्रॅक्टरचं होतं, ट्रकचं होतं, मोटारसायकलचंही होतं. या सगळ्यांचे मजकूर मी लिहिलेले आहेत. तेव्हा फ्लेक्सवर गाडी दिसली की ती घेतली गेलेली आहे, हे इथे लहान पोरालाही कळतं. सातबाऱ्यावर एक वेळ शंका घेतील, फ्लेक्सवर नाही.

गडमुडशिंगीच्या पलीकडच्या एका वाडीत दूध संस्था होती. तिचे चेअरमन आमचे सगळ्यांत मोठे गिऱ्हाईक. त्यांना वाढदिवस एकच होता, पण तो बरेच दिवस चालायचा. त्या वर्षी त्यांनी नेहमीप्रमाणे फ्लेक्स सांगितला आणि जाताना म्हणाले, "पेंटर, माझ्या मागं कायतरी टाका. मोकळं मोकळं दिसतंय."

पेंटरांनी मागे एक दूधगाडी टाकली.

ती गाडी त्यांच्या डोक्यात कधीपासून होती, मला माहीत नाही. बसने येता-जाता त्यांनी पहाटेच्या बायका पाहिल्या असणार. डोक्यावर, काखेत दुधाची भांडी, चिखलातून संस्थेपर्यंत चालत जायचं, रांगेत उभं राहायचं. पेंटरांची गाडी बोळात शिरण्याइतकी अरुंद होती. ती दारात यायची आणि मागच्या बाजूने खाली बसायची, म्हैस बसते तशी, सावकाश मागचे पाय मुडपून. उंबऱ्यावर ठेवलेली किटली उचलायची गरजच नाही, सरळ आत सरकवायची. मग गाडी उठायची आणि पुढच्या दारात जाऊन बसायची. फ्लेक्सवर ती बसलेल्या अवस्थेत होती, बाजूला संस्थेचं नाव, चाकांना अस्सल मुडशिंगी काळी. मजकुरात गाडीचा उल्लेख नव्हता. वाढदिवसाच्या शुभेच्छा, बस्स.

फ्लेक्स चौकात लागला आणि सकाळी सकाळी लोक चेअरमनांच्या घरी हार घेऊन गेले. वाढदिवसासाठी नव्हे, गाडीसाठी.

चेअरमनांनी नंतर आम्हाला हे स्वतः सांगितलं. "पयला मानूस आला, म्हणला लई चांगलं काम केलंसा. मला वाटलं वाढदिवसाचंच बोलतोय. मी पेढा खाल्ला. मग दुसरा आला, म्हणला गाडी झकास हाय. आता पेढा तर खाल्लाय. खाल्लेला पेढा कसा काढायचा, सांगा."

त्यांनी 'येतीय, येतीय' असं सांगितलं. दुपारपर्यंत त्याचं 'आलीय' झालं. चिखल लागलेला होता ना. ज्या गाडीला चिखल लागलाय ती आलेलीच असणार, आणि आलेली असून आपल्या गल्लीत येत नाही म्हणजे ती चेअरमनांच्या भावकीतच फिरत असणार. दोनेक दिवसांत गाडी पाहिलेली माणसं निघाली. एकाने ती उचगावच्या पुलावर बसलेली पाहिली होती. दुसऱ्याला तिने कट मारला होता.

वार्षिक सभा पुढे आलेली. चेअरमन घाईने दुकानात आले, पेंटरांसमोर स्टुलावर बसले आणि म्हणाले, "पेंटर, ही गाडी करायची. खरीखुरी."

पेंटर उठले, आत गेले, तोंड धुऊन बाहेर आले आणि परत बसले. "पुन्ना सांगा," ते म्हणाले.

"गाडी करायची. सभेआधी."

त्यानंतरचे दिवस आम्ही फ्लेक्सवाल्यांनी कसे काढले, ते आम्हालाच माहीत. पेंटरांनी चेहरे बसवायचं सोडून दिलं. एका वाढदिवशी मधले साहेब सगळ्यांत मोठ्या साहेबांच्या वर गेले आणि पक्षात दोन दिवस तणाव होता. पेंटर मात्र गाडीच्या सगळ्या बाजू काढत होते, वरून, खालून, कापून. बायकांच्या कमरेची उंची ते दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना विचारू लागले तेव्हा मालकांनी मध्ये पडून तो प्रकार थांबवला. मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. बोलता बोलता मध्येच थांबायचे आणि विचारायचे, "सर, खरंच करत्यात न्हवं?"

शिरोलीला ट्रॉल्या करणारे एक मेस्त्री होते. चेअरमन, पेंटर आणि मी, असे तिघं त्यांच्या शेडमध्ये गेलो. मेस्त्री उत्साही माणूस. प्रत्येक गोष्टीला त्यांचं उत्तर 'हुतंय की'.

"बोळात शिराय पायजे."

"हुतंय की."

"मागनं बसाय पायजे."

"हुतंय की."

"बसून उठाय पायजे, सावकाश, दुधासकट."

मेस्त्री थांबले. चित्राकडे बघत त्यांनी पानाची पिंक टाकली. "हुतंय की," ते म्हणाले, "पण ह्याला जॅक लागंल, त्याचं माप काढाय लागंल, एकदा करून मोडाय लागंल. सा म्हैनं धरा."

"सभा म्होरल्या म्हैन्यात हाय," चेअरमन म्हणाले.

 मग चेअरमनांना सुचलं. बरीच वर्षं संस्था चालवलेला माणूस असा सुचण्यावरच चालतो.

"मेस्त्री, उठायचं र्‍हाऊ द्या. बसलेलीच करा. जुन्या टेम्पोवर वरनं पत्रा मारायचा, ह्या चित्रासारका. सभेच्या दारात बसवून ठेवू. लोकं बघतील, हात लावतील, फोटू काढतील. झालं."

"हुतंय की. आठ दिसात."

दोघांनीही पेंटरांकडे पाहिलं. मीही पाहिलं. माझ्या मते हो म्हणायला हरकत नव्हती. आयुष्यभर चित्रात राहिलेली गाडी निदान पत्र्यात येत होती. दारात उभी, म्हणजे बसलेली, राहणार होती. पुढेमागे उठलीही असती. असं सगळं मला दिसत होतं आणि पेंटरांनाही दिसत असणार, कारण ते चित्राच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

"उठणार न्हाय?" त्यांनी विचारलं.

"आता न्हाय."

"मग बायकांनी दूध त्यात ठेवायचं आणि त्यातनं काढून पुन्ना डोक्यावर घ्यायचं?"

"अवो, दूध ठेवतंय कोण. ती नुसती बघायला हाय."

"बघायला हाय तर फ्लेक्सवर हायच की," पेंटर म्हणाले. त्यांनी कागद गोळा केले, गुंडाळी करून काखेत मारली आणि शेडबाहेर जाऊन माझ्या स्कूटरपाशी उभे राहिले. चेअरमन मला म्हणाले, "ह्यास्नी सांगा की जरा. असं कोण करतंय?"

मी सांगितलं नाही. सांगून उपयोग नव्हता, आणि खरं म्हणजे मला थोडं बरं वाटलं होतं. परतताना मागच्या सीटवरून पेंटर फक्त एवढंच म्हणाले, "सर, बसलेली गाडी म्हणजे पार हो. पाराला चाकं कशाला?"

सभेला आम्ही दोघे गेलो. जायचं कारण नव्हतं, पण पेंटरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि ते एकटे गेले असते. संस्थेच्या आवारात मांडव, पुढे टेबलावर संचालक, समोर सभासद, मागे आम्ही. आमच्याकडच्या सहकारी सभा ज्यांनी पाहिलेल्या नाहीत त्यांना सांगतो, की विषयपत्रिका वाचून व्हायच्या आत निम्मे लोक 'मंजूर' म्हणतात आणि निम्मे 'नामंजूर', आणि ज्यांचा आवाज मोठा त्यांच्या बाजूने इतिवृत्त लिहिलं जातं.

विरोधी गटाचा एक माणूस उठला. "चेअरमनसाहेब, गाडी कुटं हाय?"

"बसतो का जरा? विषय आला की सांगतो."

"मी बसतोय, पण गाडी कुटं बसलीय ते सांगा."

हशा. मग एकेक जण उठायला लागला. आमच्या आळीत आली नाही. आमच्या वाडीत आली नाही. उचगावच्या पुलावर ज्याने बघितली होती तो उठून साक्ष देऊन बसला. बायकांच्या बाजूला एक आक्का होत्या, साठीच्या, नाकात मोठी चमकी, दोन म्हशींच्या सभासद. त्या शांतपणे उठल्या. "ती दारात येऊन बसती म्हणं. माझं गुडघं गेल्यात. आमच्या दारात कवा बसायची, तेवढं सांगा, मी जातो."

चेअरमन घामाघूम झाले होते. पण मी म्हटलं ना, सुचणारा माणूस.

"सभासद बंधू-भगिनींनो," ते म्हणाले, "लपवायचं काय कारण न्हाय. गाडी आलती. ट्रायल घेतली. पर मशीन फेल हाय. बसली की उठत न्हाय. संस्थेच्या गळ्यात असलं लोढणं नको म्हणून आमी ती मोडीत काढायचं ठरिवलंय. तसा ठराव मांडतो."

मांडवात कुजबुज झाली. हे सगळ्यांना पटण्यासारखं होतं. आलेल्या वस्तूत खोट निघणं आणि ती मोडीत जाणं, हा सभासदांच्या ओळखीचा प्रवास होता. नसलेली गाडी घेण्यापेक्षा नसलेली गाडी मोडणं किती सोपं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. फक्त आक्का उभ्याच होत्या. "आमची म्हस बी बसली की उठंना," त्या म्हणाल्या. "म्हणून काय खाटकाला दिली न्हाय."

आणि माझ्या शेजारून पेंटर उठले.

"उठती," ते म्हणाले. मग मोठ्याने म्हणाले, "ती उठती. खोटं हाय हे."

सगळा मांडव मागे वळला. चेअरमनांनी डोळ्यांनी विनवलं. "पावणं, खाली बसा. तुमी सभासद न्हाय."

"सभासद न्हाय, पर गाडी माझी हाय."

हे ऐकताच विरोधी गटाचा माणूस उडी मारून उठला. "बघा, भाड्याची हाय. भाड्याची गाडी आणून संस्थेचं नाव घातलंया."

पुढे कोण काय बोललं हे कुणालाच ऐकू आलं नाही. मंजूर आणि नामंजूर दोन्ही बाजूंनी आदळत होते. पेंटर त्या गोंगाटात उभे राहून हात खाली-वर करून दाखवत होते, गाडी कशी बसते, कशी उठते, आणि कोणी बघत नव्हतं. ठराव मंजूर झाला. एक गाडी, जी कधी नव्हती, ती सर्वानुमते मोडीत निघाली. आमच्या पेंटरांची एकुलती एक गाडी, जी व्हायच्या अगदी बेतात होती.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण विरोधकांनी हट्ट धरला की मोडलेली गाडी दाखवा, नाहीतर तुम्ही ती मेव्हण्याला दिली असं समजू. चेअरमन पुन्हा दुकानात. या वेळी स्टुलावर न बसता उभ्यानेच बोलले.

"पेंटर, तेवढी जरा मोडून द्या. दार तुटलंय, काच फुटलीय, चाक निखळलंय, असलं. संस्थेच्या फळ्यावर लावतो."

पेंटरांनी पेन पाटीवर ठेवलं.

मालकांनी मध्ये तोंड घातलं. "पेंटर, तुमीच केलीया, तुमीच मोडायची. आणि साहेब आपलं घरचं गिऱ्हाईक हाय. मोडणार नसला तर मला दुसरा पेंटर बघाय लागंल. मागनं म्हणू नका."

"बघतो," पेंटर म्हणाले.

त्या दिवसापासून संगणक भट्टीत गेला तो बाहेर येईना. टेबलफॅन तिकडे. पेंटर कुणाला पडद्यासमोर फिरकू देत नव्हते. आम्ही समजून होतो. आपल्या हातची गाडी मोडायची म्हणजे वेळ लागणारच. मालकही मोठ्या मनाने म्हणाले, "सवकाश मोडू द्या." मी एकदा पाणी द्यायच्या निमित्ताने डोकावलो, तर त्यांनी पडद्यावर वर्तमानपत्र धरलं.

ठरलेल्या दिवशी चेअरमन आले. पेंटरांनी चित्र त्यांच्या हातात दिलं. चित्रात संस्थेच्या मागची पत्र्याची शेड होती. रिकामी. जमिनीवर चाकांचे ठसे, ऑइलचा एक डाग, कोपऱ्यात ओल. गाडी नव्हती.

"आणि गाडी?"

"गेली."

"मोडून द्या म्हणलं हुतं की."

"कुणीतरी घेऊन गेलं म्हणून सांगा. निपाणीकडं. तिकडं लोकं गाडी नीट चालवत्यात."

चेअरमनांनी चित्र लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं. शेड इतकी रिकामी दिसत होती की गाडी तिथे होती याबद्दल शंकाच राहत नव्हती. "पटंल," ते अखेर म्हणाले. फळ्यावर लागल्यावर ते सगळ्यांना पटलंही. उचगावच्या पुलावर गाडी पाहिलेल्या माणसाने तर ती निपाणीच्या रस्त्याला जाताना ओळखली.

मला मात्र एक गोष्ट पटली नाही. ती शेड म्हणजे पेंटरांचं तासाभराचं काम होतं. मग इतके दिवस भट्टी कशाची लागली होती?

उत्तर एका दुपारी बसमधून उतरलं. आक्का. एका हाताने गुडघा दाबत, दुसऱ्या हातात पिशवी. काउंटरवर मालकांना ओलांडून सरळ आत आल्या. "ते गाडीवालं कुटं हायत?"

मालक सावध झाले. "आक्का, ती गाडी गेली की. निपाणीला."

"गप बसा. फळ्यावरचं बघितलंय मी. गाडी नव्हतीच ते मला ठाव हाय. माझ्या दाराला बोळ हाय, त्यातनं काय गेलं आणि काय गेलं न्हाय, मला विचारा." त्या पेंटरांसमोरच्या स्टुलावर टेकल्या. "तुमी सभेत उठून म्हणलासा, उठती म्हणून. चेअरमन म्हणतोय उठत न्हाय. खरं काय ते दावा, म्हणून आलो."

पेंटरांनी आमच्याकडे पाहिलं नाही. पडद्यावर धरायचं वर्तमानपत्र बाजूला ठेवलं आणि पेनाने पाटीवर एक टिचकी मारली.

पडद्यावर एक बोळ आला. अरुंद, शेणाने सारवलेल्या उंबऱ्याचा. बोळाच्या तोंडाशी गाडी दिसली आणि ती हलत होती. पेंटरांच्या गाड्या आजवर कधी हलल्या नव्हत्या. ती आली, दारापाशी थांबली, मागून खाली बसली. उंबऱ्यावरची किटली आपोआप आत सरकली. गाडी जराशी थबकली आणि उठली. बोळाच्या दुसऱ्या टोकाने निघून गेली. सगळं मिळून आवंढा गिळावा इतका वेळ.

 मालक माझ्या खांद्यावरून बघत होते.

"उठली की," आक्का म्हणाल्या.

"उठतीच ती. सांगत हुतो मी."

"पुन्ना उठवा बघू."

पेंटरांनी पुन्हा टिचकी मारली. गाडी आली, बसली, उठली. आक्का पुढे वाकून, डोळे बारीक करून बघत होत्या. पेंटर त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. या माणसाने नगरसेवकाचं ऐकलं नव्हतं, मेस्त्रीचं ऐकलं नव्हतं, चेअरमनचं आणि मालकाचं तर नाहीच. चिखलाचा रंग बदला म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यांनी एकदा दाराबाहेर घालवलं होतं.

"उठती झकास," आक्का म्हणाल्या, "पर लई झटक्यात उठती. दूध हिंदकळंल."

मी मालकांकडे पाहिलं.  पेंटरांनी पेन उचललं, आपली खुर्ची आक्कांच्या जवळ ओढली आणि विचारलं, "किती सवकाश पायजे?"

आक्कांनी पिशवी खाली ठेवली. हाताचा तळवा उताणा केला, भरलेलं भांडं त्यावर असावं तसा, आणि तो हवेत हळूहळू वर न्यायला लागल्या. पेंटर नजर न हलवता त्या तळव्याकडे बघत राहिले, आणि मी उठून टेबलफॅन संगणकाकडे वळवला.